दगडावरचा भाडेकरू

मास्तरांना पक्ष्यांचा राग होता असं कुणी म्हणेल, तर ते खोटं आहे. राग यायला आधी त्या प्राण्याकडे बघावं तरी लागतं, आणि मास्तरांनी सगळ्या हयातीत कावळ्यापलीकडे एकाही पाखराकडे धड मान वळवून बघितलं नव्हतं. त्यांची मान खाली. खाली मशीन, मशीनखाली कापड. गळ्यात टेप, कानावर खडू, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माणूस दुकानात शिरला की चेहऱ्याच्या आधी त्याचे खांदे बघणार. नाव विसरतील, पण ‘तो डावा खांदा पडलेला’ म्हटलं की लगेच आठवेल.

दुकान रस्त्याकडे, मागे घर, आणि घराच्या मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण, ताई. नवरा गेल्यापासून ती इथेच होती. जन्मभर बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्याची नोकरी केलेली. पाणी किती चढलं, किती उतरलं, हे बघता बघता पाणी उतरल्यावर मागे राहिलेल्या चिखलाकडे तिचं लक्ष गेलं, आणि चिखलात चालणाऱ्या पाखरांनी तिला जे धरलं ते सोडलंच नाही. निवृत्त झाल्यावरही रोज दुर्बीण गळ्यात अडकवून बांधावर हजर. मास्तर म्हणायचे, "लोक देवाला जातात, आमची ताई चिखलाला जाते."

त्या चिखलात, जुन्या धक्क्याचा एक तुटका दगड होता. आणि दरवर्षी थंडीच्या तोंडावर त्या दगडापाशी एक पक्षी यायचा. राखी चिखल्या. कबुतराएवढा, राखाडी, मोठ्या काळ्या डोळ्यांचा, आखूड जाड चोचीचा. दिसायला अगदी साधा. पन्नास पाखरांत उभा केला तर कुणाची नजर ठरू नये. पण हा डाव्या पायाने जरा लंगडायचा, आणि दगडाभोवतीचा चिखल म्हणजे स्वतःच्या बापाची जहागीर असल्यासारखा वागायचा. दुसरं पाखरू जवळ आलं की मान खाली घालून असा धावून जायचा की ते उडालंच पाहिजे. ताईने त्याचं नाव ठेवलं होतं भाडेकरू. "भाडं देत नाही, जागा सोडत नाही, आणि वर मालकावर ओरडतो. दुसरं काय म्हणायचं?"

वर्षानुवर्षं तो यायचा. घरात हीच बातमी असायची. भाडेकरू आला, भाडेकरू गेला.

या वर्षी मात्र ताईचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं जग गेलं, कडेचं राहिलं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण त्याच्या बाजूचं दार दिसायचं. डॉक्टर म्हणाले, राहिलेली नजर वाचेल, पण डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, मोठ्या शहरात, आणि लवकर. ताईची लेक तिथेच राहायची, समुद्रापासून कुठच्या कुठे. तिने खोली तयार केली, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि फोन केला, "आई, मी न्यायला येते."

ताई म्हणाली, "भाडेकरू आला की निघते."

लेकीने वेळ पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. भाडेकरूचा पत्ता नाही. दरवर्षी यायचा तो दिवस कधीच उलटून गेला होता. शेवटी लेक फोनवर रडली. "मामा, तूच सांग तिला. उशीर केला तर उरलेलंही जाईल. मी रविवारी गाडी घेऊन येते, आता काहीही झालं तरी."

"येईल गं ती," मास्तर म्हणाले. पण त्यांना आपली बहीण ठाऊक होती. ती नाही म्हणाली, तर गाडीच काय, बोट आणली असती तरी हलली नसती.

मग उरला एकच मार्ग. मास्तरांनी टेप काढून ठेवला आणि ताईची दुर्बीण गळ्यात घातली. बायकोने बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, "शोभतं हो तुम्हाला. आता डोक्यावर पिसं तेवढी लावा."

"लाव की! तू शिव, मी घालतो," असं गुरकावून मास्तर निघाले.

पहिले दोन-तीन दिवस त्यांना चिखल दिसला, आणि चिखलावर ठिपके. सगळे सारखे, सगळे मातकट. ठिपका म्हणून दुर्बीण रोखली तर डबकं निघायचं, आणि डबकं म्हणून सोडून दिलं की ते चालू लागायचं. घरी आल्यावर ताई विचारायची, "दगडावर?"

"दगडावर दगडच."

शुक्रवारी मात्र दगडापाशी कोणीतरी होतं. मास्तर दुर्बीण नीट करून बघतात तो काय, पक्षी! चोच आखूड, डोळे काळेभोर. पण राखाडी नव्हता. पाठीवर, डोक्यावर फिकट सोनेरी ठिपके, जणू बुट्टीचं कापड. आणि पाय दोन्ही ठणठणीत. मास्तर वैतागले. एवढी पायपीट करून भलताच कोणीतरी.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती मटार सोलता सोलता थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, सांगून टाका ना आला म्हणून. वन्सं बघायला थोड्याच जाणार आहेत? डोळे वाचतील बिचारीचे. असलं खोटं देवसुद्धा माफ करतो."

मास्तरांना पटलं. खरं सांगायचं तर ते कधीचे याच सल्ल्याची वाट बघत होते. ते मागच्या खोलीत गेले आणि दारातूनच मोठ्याने म्हणाले, "ताई, आला गं तुझा भाडेकरू!"

ताई पलंगावर उठून बसली. तिचा चेहरा उजळला.

"लंगडत होता?"

"हो तर! चांगलाच."

"कुठल्या पायाने?"

हयातभर जे ऐकलं ते कानाआड केल्याचं फळ आता पदरात पडलं. "उजव्या," ते म्हणाले.

हात लांब करून ताईने उशी नीट केली, पुन्हा केली. मग म्हणाली, "बाळ्या, दूध तू सांडायचास आणि मांजराचं नाव सांगायचास. तेव्हाही तुला कुठलं मांजर ते सांगता यायचं नाही."

साठी उलटलेला बाळ्या खाली मान घालून उभा राहिला.

"तुम्हा सगळ्यांना वाटतंय मी हट्ट करतेय," ताई म्हणाली. "तिथे गेले की मी परत यायची नाही, हे मला कळतं. मला त्याला निरोप द्यायचा नाहीये रे. तो जिवंत आहे एवढंच कळू दे. ते कळलं की जाईन. मी कुणाला भाड्याने जागा दिली नाही, पण मला वाटतं, तो आहे तोवर माझंही इथे काहीतरी आहे." तिने नाक पुसलं. "आता खरं सांग. काय पाहिलंस?"

मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी सांगितलं. माप घेतल्यासारखं सांगितलं. उंची, छातीचा घेर, पाठीवरची सोनेरी बुट्टी, पोटाचा मळका पांढरा.

"सोनेरी?" ताई म्हणाली. "मग सोनचिखल्या. भाऊबंदच, पण वेगळा. नेहमी फसतात लोक." आणि लगेच तिच्या कपाळावर आठी आली. "पण त्या दगडापाशी? सोनचिखल्या चिखलाच्या वरच्या अंगाला राहतो, गवताजवळ. तू त्याला उडताना पाहिलंस?"

"उडताना कशाला? उभा होता की समोर, रंग स्पष्ट दिसत होता."

"रंग!" ताई जवळजवळ ओरडली. "रंगावर जाऊ नकोस रे. रंग ऋतूप्रमाणे बदलतो, वयाप्रमाणे बदलतो, उन्हातसुद्धा बदलतो. दोघांची ओळख एकाच जागी असते. काखेत. राखी चिखल्याची काख काळी कुळकुळीत. पंख मिटलेला असला की कुणाच्या बापाला दिसत नाही, उडाला की दिसते. सोनचिखल्याला ती नसते."

मास्तर बघतच राहिले. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी हेच सांगायचे: कापडाचा रंग बघून गिऱ्हाईक फसतं, शिवण ओळखायची तर हात वर करायला लाव आणि बगल बघ. कोट उभ्या माणसावर कसाही छान दिसतो. हात वर केला की कारागीर कळतो. आणि आज हाच मास्तर रंग बघून घरी आला होता!

"उद्या जातो," ते म्हणाले.

"आणि ऐक. दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. तो स्वतःहून उडेल तेव्हा उडेल. तो कुठून आलाय ठाऊक आहे का? पृथ्वीच्या पार वरच्या टोकाकडून, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथून एवढं अंतर उडून आलेल्याला तुझ्या सोयीसाठी पुन्हा उडवायचं नाही."

शनिवारी सकाळी मास्तर बांधावर जाऊन बसले. पाणी नुकतंच उतरत होतं. पक्षी आला, दगडापाशी उतरला, पण नेमका त्यांच्या मागून, तेव्हा ते चहाच्या थर्मासचं झाकण उघडत होते. स्वतःला चार शिव्या हासडून ते बसून राहिले.

मग वाट बघणं. मास्तरांना वाट बघायची सवय नव्हती. वाट बघायची ती गिऱ्हाइकांनी. पण इथे ते गिऱ्हाईक होते. पक्षी काही पावलं धावायचा, थांबायचा, पुतळा व्हायचा. मान किंचित कलती. मग एकदम वाकून चिखलातून एक लांबलचक किडा ओढायचा, तुटू न देता, हळू, ताणत, सैल सोडत. मास्तर अडकलेला दोरा असाच ओढायचे. त्यांना हसू आलं. "हळू रे, तुटेल," ते चक्क पुटपुटले.

एक बारकं तुतवार पाखरू दगडाच्या जवळ आलं. सोनेरी बुट्टीवाल्याने मान खाली घातली आणि तिरासारखा धावून गेला. तुतवार उडालं. मास्तर सरळ बसले. हे त्यांनी कित्येकदा ऐकलं होतं, ताईच्या तोंडून, जेवताना, न ऐकल्यासारखं करत.

ऊन चढलं. पाणी उलटलं, भरती सुरू झाली, चिखलाचा पट्टा अरुंद होऊ लागला. आणि अचानक सगळा चिखल गप्प झाला. आत्तापर्यंत किलबिल होती हेसुद्धा ती थांबल्यावर कळलं. वर, खूप वर, एक ससाणा होता. पुढच्या क्षणी सगळा चिखलच उठला. मास्तरांना तसंच वाटलं, की जमीनच उठली. जे ठिपके त्यांनी डबकी समजून सोडले होते ती सगळी पाखरं होती, हजारो, आणि ती एकाच वेळी वळली तेव्हा सगळं आभाळ मातकट होतं ते पांढरं झालं, पुन्हा वळली, पुन्हा मातकट. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. पंखांचा आवाज अंगावरून गेला आणि मास्तरांच्या हातावर काटा उभा राहिला. एवढं सगळं रोज इथे, घरापासून हाकेच्या अंतरावर चालायचं, आणि आपण खाली मान घालून काजं करत बसलो!

दगडापाशी तो एकटा अजून उभा होता. मग त्याने पंख उचलले.

खालून पंख पांढरे. आणि दोन्ही काखांत काळा डाग. काळा म्हणजे काळा, पांढऱ्या सदऱ्याला कुणीतरी बगलेत काळ्या मखमलीचा तुकडा जोडावा तसा. तो वर गेला आणि त्याने शीळ घातली, तीन सुरांची, मधला सूर खाली उतरून पुन्हा चढणारी. इतकी एकटी शीळ मास्तरांनी कधी ऐकली नव्हती.

"काळी आहे! अहो, काळी आहे काख!" मास्तर ओरडले. बांधावरून सायकल घेऊन जाणाऱ्या पोस्टमनने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या काखेकडे, आणि तो पायडल जोरात मारत निघून गेला.

मास्तर घराकडे जवळजवळ धावत निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय मंदावले. काख काळी, म्हणजे राखी चिखल्या. पण पाय दोन्ही सरळ. पाठ सोनेरी. मग भाडेकरू कुठे? आणि त्याच्या दगडावर हा कोण?

या खेपेला त्यांनी ताईला काहीही लपवलं नाही. शीळसुद्धा वाजवून दाखवली, दोनदा, कारण पहिल्यांदा नुसती हवाच निघाली. दारात उभी असलेली बायको पदराने तोंड झाकून हसली आणि मग, ताईचा चेहरा बघून, हसायची थांबली.

"काख काळी आणि पाठ सोनेरी," ताई अगदी हळू म्हणाली. "अरे देवा. मीच चुकले. माझ्या डोक्यातच आलं नाही. पोर आहे ते, बाळ्या. याच उन्हाळ्यात जन्मलेलं. पहिल्या वर्षी राखी चिखल्याच्या पोरांवर तशी पिवळी झाक असते. भाडेकरूने कधी कुठलं पोर त्या दगडाजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून इतक्या वर्षांत मी तिथे पाहिलंच नाही."

"म्हणजे भाडेकरू..."

"तो असता तर ते पोर तिथे उभं राहिलं असतं का?"

ताई रडली. लपवून नाही, तोंड फिरवून नाही, माणूस गेल्यावर रडतात तशी रडली. मास्तरांनी तिचा हात धरला. त्यांना स्वतःलाही भरून आलं होतं, आणि एका लंगड्या पाखरासाठी भरून यावं याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने ताईने डोळे पुसले. "तुला ठाऊक आहे का," ती म्हणाली, "तिकडे वर पिल्लं वाढली की आई आधी निघते. मग बाप निघतो. पिल्लं मागे राहतात. नंतर एक दिवस तीही निघतात. आई गेलेली, बाप गेलेला. वाट कधी पाहिलेली नाही, समुद्र कधी पाहिलेला नाही, हा आपला चिखल तर नाहीच नाही."

"मग त्यांना रस्ता कोण सांगतं?"

"पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही शोधलंय. तारे म्हणतात, पृथ्वीचं चुंबक म्हणतात. पण त्या पोराच्या आत ते कसं बसलंय, हे मला विचारशील तर मी हात जोडते."

मास्तर उठून दुकानात गेले. शिवून, इस्त्री करून ठेवलेला एक शर्ट त्यांनी उचलला आणि तळव्यावर घेतला. परत येऊन तो ताईच्या हातात ठेवला. "एवढंच वजन असेल ना गं त्याचं?"

ताईने शर्ट हातात तोलला. "एवढंच," ती म्हणाली. "काहीसं कमीच." आणि दोघंही त्या शर्टाकडे बघत बसले, ती कडेच्या नजरेने, तो सरळ. एका शर्टाच्या वजनाचं पोर, कुणी न सांगता, अर्ध्या पृथ्वीवरून आलं होतं आणि नेमका रिकामा दगड शोधून त्यावर उभं राहिलं होतं.

"बाळ्या," ताई म्हणाली, "माझी बॅग भर."

"अगं पण..."

"ते पोर न बघितलेल्या जागी एकटं आलं. मला तर पोटची लेक गाडी घेऊन न्यायला येतेय. लाज वाटायला हवी मला."

रविवारी लेक आली. निघताना ताईने बांधाजवळ गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि मान वळवून बसली, म्हणजे चिखल तिच्या कडेच्या नजरेत यावा. तिला काही दिसलं की नाही, कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने दगडाच्या बाजूने ती शीळ आली. ताईने डोळे मिटले. मग गळ्यातली दुर्बीण काढून मास्तरांच्या गळ्यात घातली, टेपवरूनच. "चल गं," ती लेकीला म्हणाली.

पुढचे काही दिवस मास्तर दुकान उशिरा उघडू लागले. कुणी गिऱ्हाईक आलं की बायको सांगायची, "बसा हो, ते भाडेकरूकडे गेलेत." आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तरांनी घर कधी घेतलं?"

इंजेक्शन झाल्यावर ताईचा फोन आला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला. "कशी आहेस? डोळा दुखतोय का? करमतं का तिथे?"

"मेलं, सगळं नवीन आहे रे. भिंती कुठे, दारं कुठे, काही कळत नाही. पहिले दोन दिवस नुसती चाचपडत होते. मग खिडकीजवळची एक खुर्ची सापडली. उजेड छान येतो. आता तीच माझी जागा."

"बरं झालं. रिकामी होती का?"

"छे! जावई बसायचे तिथे," ताई म्हणाली. "मी मान खाली घातली आणि गेले धावून."

मास्तर इतके हसले की मशीनवर कोपर टेकवावं लागलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे कधी वाहू लागले ते त्यांना कळलं नाही.